करलीचे काटे

आमचे बाबा कामावरून घरी आले की सगळ्या आळीला कळायचं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, बाबा तिथे फिटर होते, आणि आम्ही जवळच्या पाम गावात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. संध्याकाळी आळीच्या तोंडाशी आले की ते सायकलची घंटी वाजवायला लागत आणि दारापर्यंत वाजवतच येत. आम्ही तिघा भावंडांनी ओरडत पुढे धावायचं, असा नियमच होता. मी मोठी, पाठचा भाऊ आणि चार वर्षांची धाकटी बहीण. जो आधी पोचेल त्याला दांडीवर बसवून ते दारापर्यंत आणत. शेजारी उत्तरेकडचा एक वेल्डर राहायचा. तो आईला विचारायचा, "भाभी, भाईसाब रोज परदेस से लौटते हैं क्या?"

जेवायलाही आम्ही सगळे एकदम बसायचो, आईसुद्धा. लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत पानावर बसायला आईला लाज वाटायची, पण बाबा तिच्याशिवाय घासच उचलत नसत. ते मध्ये बसत आणि आमच्या ताटांतल्या माशांचे काटे काढून देत.

बाबा असे का, हे मला आत्याकडून कळलं. बाबा मूळचे घिवलीचे. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, होडीचे तांडेल. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा, आणि घरातही. त्यांचा खोकला वाटेवर ऐकू आला की पोरं मागच्या दाराने पसार व्हायची. आजोबा एकटे जेवत आणि त्यांचं ताट उचललं गेलं की मग बाकीचे बसत. एकदा लहानपणी बाबांनी खाडीत गळ टाकून भलामोठा मासा धरला. दाखवायला धावत आले, तर ओट्यावर आजोबा. बाबा घराला वळसा घालून मागून आत गेले आणि मासा गुपचूप आजीच्या हातात दिला. आजोबांनी तो खाल्ला, पण कुणी आणला ते विचारलं नाही. बाबा तेव्हाच आत्याला म्हणाले होते, "माजी पोरं मला बगून पळनार नाय. माज्याकडं पळत येतील."

एका दिवाळीनंतर आजोबा होडीवर घसरले आणि त्यांचा पाय मोडला. पालघरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बरेच दिवस हलायचं नाही असं सांगितलं. आजी कधीच गेली होती, काका आणि काकू दिवसभर मासळीच्या मागे. म्हणून बाबा त्यांना आमच्याकडे घेऊन आले आणि पुढच्या खोलीत दाराजवळ त्यांची खाट टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घंटीची वाट बघत होतो, पण ती वाजलीच नाही. बाबा आळीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरले, सदऱ्याची वरची बटणं लावली आणि सायकल हाताने ढकलत आले. भावाने ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. आईने आजोबांना आधी वाढलं. आम्ही आतल्या खोलीत बसून राहिलो. बाबाही आमच्यातच बसले होते, भावासारखे गुडघे पोटाशी घेऊन. असे तीन-चार दिवस गेले. घरात कुणी मोठ्याने बोलेना. वेल्डरने आईला विचारलं, कुणी आजारी आहे का.

रविवारी आईने करली केली. हा मासा चवीला फार गोड, पण काट्यांनी नुसती भरलेली. आजोबांना वाढून झालं, तेवढ्यात धाकटीने आपली ताटली उचलली, कुणी काही म्हणायच्या आत बाहेर गेली आणि खाटेपाशी उभी राहिली.

"काटे काढ," ती आजोबांना म्हणाली.

आई जागच्या जागी थांबली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे. त्यांची बोटं दोरखंड ओढून जाडजूड झालेली, पण ती माशातून अशी फिरली की क्षणात काटे एका बाजूला आणि मऊ गर दुसऱ्या बाजूला. धाकटी खाटेवर चढून खाऊ लागली. ते बघून भाऊ गेला आणि त्याच्यामागे मीही गेले. आजोबांचं स्वतःचं जेवण तसंच राहिलं होतं.

मग बाबा उठले आणि आपलं ताट घेऊन खाटेसमोर खाली बसले.

"बा, माजे पन काटे काड."

आजोबा म्हणाले, "तुला काडाला येत नाय?"

"येतात. पन तू कदी दिले नाय काडून."

मला वाटलं, आता आजोबा ओरडणार. त्यांनी हात पुढे केला.

"आन ताट."

त्यांनी मुलाच्या करलीतले काटे एकेक करून काढले, आमच्यापेक्षा सावकाश. बाबांनी तो तुकडा खाल्ला आणि भावासारखे हसले, सगळे दात दाखवून. आईने आपलंही ताट बाहेर आणलं आणि आम्ही सगळे खाटेभोवती जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून घंटी परत वाजू लागली. ती आमच्याआधी आजोबांनाच ऐकू यायची आणि तेच आम्हाला हाका मारून बाहेर पिटाळायचे. पुढे एकदा भाजी निवडताना ते आईला म्हणाले, "होडीत तांडेल हसला का पोरं सैल पडतात. त्योच चेहरा घेऊन मी घरी यायचो. माजा बाप पन तसाच. दुसरं काय बगितलंच नवतं." आईने ते रात्री बाबांना सांगितलं. बाबा झोपायच्या आधी आजोबांचं पांघरूण दोनदा नीट करून आले.

प्लास्टर निघाल्यावर काका बैलगाडी घेऊन न्यायला आले. आजोबा म्हणाले, पाय अजून बरोबर नाही. त्याच सकाळी ते धाकटीला खांद्यावर घेऊन दुकानापर्यंत जाऊन आले होते. काकांना रिकामी गाडी परत न्यावी लागली.

होळीला आम्ही सगळेच घिवलीला गेलो. आजोबांनी आम्हाला आणि काकांच्या मुलांना होडीत घातलं आणि सुकाणू बाबांच्या हातात दिलं. बाबांची सवय गेलेली, होडी भलतीकडेच वळली. आजोबा जुन्या आवाजात कडाडले, "आरं, कुटं बगतोस?" काकांची मुलं एकमेकांना बिलगली. बाबा मात्र पोट धरून हसायला लागले. आजोबांनी आणखी झापलं, तसे ते आणखी हसले. शेवटी आजोबांनी सुकाणू आपल्या हातात घेतलं. आपल्या बापाचा ओरडा खाताना इतका खूश झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.