फायरप्लेसमधले देव

भाऊ, मी नैरोबीला निघाले त्या सकाळी दमणी पायऱ्यांशी लागली होती, हे गाडीवानाला घाई करत होते, आणि आईने मला पुन्हा आत नेलं. देवांच्या पाया पडायला. आपले देव कुठे? फायरप्लेसमध्ये!

कापसाचे दिवस चांगले आले आणि बापूंनी धुळ्याला कुणा साहेबाचा बंगला पाहिला. झालं, तस्साच कळसाडीत हवा! चारी बाजूंनी व्हरांडा, मंगळुरी कौलं, छतालगत दोरीने उघडणाऱ्या खिडक्या. गवंड्याने साहेबाकडचं काही म्हणता काही सोडलं नाही. हॉलमध्ये धुराड्यासकट शेकोटीची जागाही बांधून तो मोकळा झाला. आपल्या उन्हात शेकोटी! गाव पोट धरून हसलं, बापूंचं तोंड एवढंसं झालं. आई मात्र म्हणाली, "हसाले काय जास? चांगला गोखला शे." तिने तो कोनाडा धुतला आणि त्यात देव बसवले. मग हसणारेच तिथे हात जोडू लागले.

निघताना ती एवढंच बोलली, "जठे जाशी, तठे पहिले देव बसाड. मंग चूल पेटाड."

नैरोबीला रेल्वेच्या क्वार्टरात शिरले तर समोर तशीच धुराड्याची शेकोटी! मला माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. पेटीतला बाळकृष्ण काढून मी तिथेच बसवला. पण तिथला जुलै हाडं गोठवणारा. कमल तान्ही होती, तिची छाती भरली. खोली गरम ठेवा, नाहीतर पोरीचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ह्यांनी लाकडं आणून टाकली, पण माझा हात पुढे होईना. बसलेले देव उठवायचे, आणि तिथे आग लावायची? पोरीची घरघर वाढली तेव्हा देव खिडकीत ठेवले आणि काडी ओढली. फार रडले मी. पोर वाचली.

पहिल्या रजेत आम्ही आलो, ते तुला आठवत असेल. कमल हॉलमध्ये आली, देव पाहिले आणि किंचाळली, "मोटो! मोटो!" तिला सांभाळणाऱ्या तिथल्या आयाच्या भाषेत मोटो म्हणजे आग. देव जळतील म्हणून तिने आकांत मांडला. मी दटावू लागले, तर आईने मलाच गप्प केलं. "तिना घरमा तठे आग ऱ्हास ना?" असं म्हणत तिने एकेक देव उचलून कमलच्या ओंजळीत दिला.

तिचं घर. आईने नैरोबीला घर म्हटलं, किती सहज! आणि मी आपल्याच हॉलमध्ये पाहुणीसारखी उभी राहिले.