आमचे व्याही आणि खोकडाचं तोंड

'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य जन्मात एकदाही न उच्चारलेला माणूस शोधायला तुम्ही सोलापूर जिल्ह्यात निघालात, तर नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानापाशी तुमचा शोध संपेल. ते दुकान माझ्या व्याह्यांचं. माणसं वाद घालतात ती जिंकण्यासाठी. आमचे व्याही कशासाठी घालत ते देवाला ठाऊक, कारण समोरचा हरायला आला की ते उठून त्याच्याच बाजूला जाऊन बसत आणि स्वतःच्या मघाच्या बोलण्याची चिंधी चिंधी करत. गिऱ्हाईक म्हणालं, "रंग छान आहे," की हे म्हणत, "छान कसला, दोन धुण्यात उडंल." गिऱ्हाईक बिचकून ठाण खाली ठेवू लागलं की, "उडंल म्हणजे काय, सगळंच उडतंय, माणूस काय कायम टिकतोय?" असं म्हणून तेच कापड त्याच्या गळ्यात घालत. मराठीत 'व्हय' म्हणणाऱ्याला ते कानडीत 'इल्ला' म्हणत, आणि कानडीत 'हौदु' म्हणणाऱ्याला मराठीत 'न्हाय'. दोन्ही भाषा घरात असल्याचा एवढा पुरेपूर उपयोग मी दुसऱ्या कोणी केलेला पाहिला नाही.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मला त्यांची पहिली ओळख झाली. ते म्हणाले, "पावणं, लग्न साधं करायचं." माझ्या मनातलंच बोलले म्हणून मी लगेच मान हलवली. तशी त्यांनी मांडी बदलली. "साधं का म्हणून? एकुलती एक लेक तुमची. लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "मग थाटात करू." ते म्हणाले, "थाट कुणाला दाखवायचा हाय?" तिसऱ्या चहाला माझ्या बायकोनं त्यांची गोम ओळखली. ती म्हणाली, "आम्हाला तर बाई पाचशे पानं उठवायचीच आहेत." झालं. लग्न देवळात, शंभर माणसांत उरकलं. आमच्या विहीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला हे कळायला अकरा वर्षं लागली होती."

असा हा माणूस. पण मी हे लिहायला बसलोय ते त्यांच्या गमती सांगायला नव्हे. त्यांच्या डोक्यावर एक आळ आहे आणि तो माझा आहे. मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. जे आहे ते लिहून टाकतो.

व्याह्यांचं मूळ गाव मंगळवेढ्याच्या पुढं, कानडी मुलखाला लागून. चहूकडं काळी रानं, ज्वारीची, आणि गावाच्या डोक्यावर एक उघडा माळ. त्या माळावर खोकडं असत. खोकड म्हणजे कोल्ह्याची धाकटी जात. मांजराहून जराशी मोठी, शेपटीचं टोक काळं, चेहरा असा की आत्ताच काहीतरी विनोद ऐकलाय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावाची पारध निघे. कुत्री, वाघर म्हणजे सुतळीचं जाळं, ढोल, आणि निम्मं गाव. एक खोकड जिवंत धरायचं, तोंडाला सुती दोरी बांधायची आणि दारोदार नेऊन त्याचं तोंड सगळ्यांना दाखवायचं. करीला खोकडाचं तोंड दिसलं की साल चांगलं जातं, अशी समजूत. संध्याकाळी त्याला परत माळावर सोडून द्यायचं. या सगळ्यात पहिलं दार आमच्या व्याह्यांचं. तो त्यांच्या घराण्याचा मान. परीटघडीचं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून, हातात कुंकवाचं ताट घेऊन ते उंबऱ्यावर उभे राहत. एरवी दुकानातलं झुरळसुद्धा पुठ्ठ्यावर घेऊन गटारीपलीकडं सोडून येणारा हा माणूस शिकारीचा मानकरी होता, आणि यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. म्हणजे, तुम्ही 'विसंगत आहे' म्हणालात तर वाटत नसे.

लग्नानंतर दर संक्रांतीला मला गावी बोलावणं असे. करीच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली पारधीची बैठक भरे, आणि तिथं आमचे व्याही खोकडाचे वकील होत. कारण बाकी सगळे शिकारी.

"उद्या मंगळवेढ्याच्या लोकांनी तुला जाळ्यात धरला," ते एखाद्या तरण्या गड्याला विचारत, "तोंडाला दोरी बांधली, दारोदार फिरवला, आणि ह्याचं तोंड लई शुभ हाय म्हणून कुंकू लावलं, तर तुला कसं वाटंल?"

"कुंकू लावणार असतील तर बायकू पण बघून देतील का, इचारा की आण्णा."

"मस्करी न्हाय. त्याला काय ठाऊक, आपण संध्याकाळी सोडणार हाय ते? त्याच्या लेखी दिवसभर मरणच चाललंय."

गावचे जुने शिकारी तात्या वाघर दुरुस्त करत बसलेले असत. ते वर न बघता म्हणत, "आण्णा, खोकडाचा एवढा कळवळा, तर उद्या उंबऱ्यावर उबं कशापायी राहताय?"

"मान हाय म्हणून."

"मग मान सोडा."

"मान कसा सोडायचा? ह्यो माळ कशानं राहिलाय? खोकड पायजे म्हणून ह्या माळाला कुणी नांगर लावला न्हाय. पारध बंद झाली की बघ, दोन वर्षांत माळ नांगरला जातोय आणि खोकड नावाला बी उरत न्हाय."

अशा रीतीनं दोन्ही बाजू त्यांच्याकडूनच मांडून झाल्या की गाव समाधानानं उठे. मला वाटतं, शिकारीइतकीच त्यांना ती बैठक लागत असे.

एका वर्षी धरलेलं खोकड लहान होतं, पहिल्या वर्षाचंच असावं. माझ्यासमोर आणलं तेव्हा त्याच्या छातीचा भाता असा हलत होता की हात लावायची हिंमत होईना. समोर ठेवलेल्या तिळाच्या भाकरीकडं त्यानं बघितलंही नाही. संध्याकाळी माळावर दोरी सोडली, सगळे मागं सरले. ते पळालं नाही. चार पावलं गेलं, खाली बसलं आणि मान टाकली. गावानं नारळ फोडला, खड्डा खणला, आणि तात्यांसकट सगळे मुकाट्यानं घरी आले. व्याह्यांनी त्या संध्याकाळी कोणाशी वाद घातला नाही.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मला दुसरं काही येत नाही, अर्ज लिहिता येतो. सोलापूरला येऊन मी वनखात्याला अर्ज लिहिला. 'वरील विषयास अनुसरून' पासून 'योग्य ती कार्यवाही व्हावी' पर्यंत माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज होता. खाली सही तेवढी केली नाही. मुलगी त्या घरात नांदत होती.

पुढच्या करीला वाघर गाडीत चढत असतानाच जीप आली. साहेब तरुण होते, सभ्य होते. कायद्यानं खोकड धरायला केव्हाचीच बंदी आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. एवढ्यावर मिटलं असतं. पण साहेब बंदीच्या बाजूनं बोलत होते, त्यामुळं आमच्या व्याह्यांना पारधीच्या बाजूनं उभं राहणं भाग पडलं. त्यांनी माळाचा मुद्दा काढला, पूजेचा काढला, कोंबड्यांच्या कत्तलखान्यांना परवाना देणारं सरकार एका दोरीला का भितं, असं विचारलं. साहेब ऐकत गेले आणि शेवटी म्हणाले, "काका, तुमचंही चुकीचं नाही." तिथं घात झाला. व्याही गर्रकन फिरले. "चुकीचं कसं न्हाय? मुक्या जनावराला दिवसभर मरणाच्या दारात उबं करायचं आणि त्याला पूजा म्हणायचं? गेल्या साली एक पिल्लू मेलंय आमच्या हातनं. लिवून घ्या." साहेबांनी लिहून घेतलं.

जीप गेल्यावर लिंबाखाली माणसं जमली. तात्या म्हणाले, "अर्ज कुणीतरी केलाय. साहेबानं वाचून दाखवला की. असलं शुद्ध लिवणारा गावात कोण हाय?"

गावात मी होतो. पण आमच्याकडं पाहुण्यावर संशय घ्यायची रीत नाही. कोणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ज्यानं कुणी केला," तात्या म्हणाले, "त्यानं गावाच्या ताटात माती कालवली."

गावात एवढे लोक होते. कोणीही 'व्हय' म्हणालं असतं आणि गप्प बसलं असतं. व्याही म्हणाले, "माती कशी? त्यानं जे डोळ्यांनी बघितलं ते लिवलं. गावासमोर बोलायला त्याला भ्या वाटलं असंल. अर्ज करायला बी छाती लागती, तात्या."

"म्हंजी तुमीच."

"मी असलो तर काय बिघडलं?"

हे ते वादापुरतं बोलले. मला पक्कं ठाऊक आहे, कारण खरा अर्जदार त्यांच्या शेजारी बसला होता. माझ्या हातात कपबशी होती. चहावर साय धरेपर्यंत मी तिच्यात बघत राहिलो.

पारध गेली, पण करीची मिरवणूक गावानं सोडली नाही. चादरीच्या तुकड्यांचं, कापूस भरलेलं खोकड शिवलं, डोळ्यांच्या जागी बटणं लावली. पहिलं दार तात्यांचं ठरलं. त्या वर्षी व्याही परीटघडीचं धोतर नेसून, ताट घेऊन उंबऱ्यावर उभे होते. ढोल वाजत आला आणि दारावरून पुढं गेला. ते मला म्हणाले, "कापसाच्या खोकडाला काय तोंड असतंय काय, पावणं?" आणि ताट घेऊन आत गेले. मी तेव्हाही बोललो नाही. मग पुढच्या वर्षी बोलणं आणखी अवघड झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून. अशी आठ वर्षं गेली. माळाचा निम्मा भाग आता नांगरलेला आहे. उरलेल्या अर्ध्यावर खोकडं आहेत. त्यांना कोणी धरत नाही.

यंदाच्या करीला मात्र मी ठरवून गेलो. बैठकीत उभा राहिलो आणि सांगितलं, "अर्ज मी केला होता. आण्णांचा त्यात काही संबंध नाही."

तात्यांनी चष्मा पुसला. आणि व्याही म्हणाले, "पावणं खोटं बोलत्यात."

"खोटं कसं?" मी म्हणालो.

"ह्यांचं अक्षर बघितलंय का कुणी? लग्नाची यादी ह्यांनी लिवली हुती. ती वाचायला आमाला माणूस ठिवावा लागला. अर्ज ह्यांचा असता, तर जीप इथं आली असती काय, ती सांगोल्याला गेली असती. आणि तीस वर्षं खात्यात काढली, ह्यांच्या टेबलावरनं एक कागद कदी वेळेवर गेला न्हाय. ते काय अर्ज करत्यात?"

गाव पोट धरून हसलं. मी माझ्या अक्षराची शपथ घेतली, त्यानं आणखी हसलं. तात्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "व्याह्यासाठी एवढं कोण करतंय हो आजकाल. चांगलं पावणं मिळालं की आण्णा तुमाला." आणि मला चहा पाजला. मी आलो होतो त्याहून मोठा होऊन परत निघालो. यासारखी शिक्षा नाही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "असं का केलंत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमची लेक गावात ओटी भरायला जाती. तिला मागनं कुणी बोललेलं मला चालायचं न्हाय. मला बोलू द्या की. मला सवय हाय."

"मी केलं ते चूक होतं की बरोबर, एवढं तरी सांगा."

"तुमाला काय वाटतंय ते आदी सांगा."

मी सांगितलं असतं तर त्यांनी उलटं सांगितलं असतं, आणि त्यांचं खरं मत कळलं नसतं. मी सांगेना, म्हणून ते बोलेनात. सोलापूर येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. इथं सांगतो. अर्ज मी आजही करीन. खाली सही करीन.

हे दिवाळी अंकात छापायचं की नाही, हे मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा बाबा. गावात मला काय म्हणतील ते मी बघते." अंकाच्या दोन प्रती गावी जातील, त्यातली एक तात्यांना.

घाई करतोय त्याला कारण आहे. उन्हाळ्यापासून व्याही थकलेत. दुकानात येतात, खुर्चीवर बसतात. गिऱ्हाईक 'रंग छान आहे' म्हणालं तर नुसते हसतात. परवा मी मुद्दाम शेजारी बसून म्हणालो, "आण्णा, पारध परत सुरू करायला पाहिजे. बंदी म्हणजे नसती उठाठेव." एवढं धडधडीत बोलल्यावर पूर्वी त्यांनी मला बसस्टँडापर्यंत पिटाळलं असतं. ते म्हणाले, "असंल." मी बराच वेळ वाट पाहिली.

हा मजकूर मुलगी त्यांना वाचून दाखवणार आहे. यातली एखादी तरी ओळ त्यांनी खोडून काढावी.