डाव्या सीटचा आवाज

बायको गेली त्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या जर्मन गाडीच्या डाव्या बाजूने खडखड सुरू झाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला टायवाला माणूस माझ्या शेजारी बसला आणि आम्ही वर्धा रोडवर फेरी मारून आलो. आवाज आलाच नाही. पुढच्या आठवड्यात परत गेलो, पुन्हा तेच. "सर, आता नवीन मॉडेल बघा," असं तो हसत म्हणाला तेव्हा माझं डोकंच फिरलं. गाडी जुनी आहे, पण मी काही बहिरा नाही.

मग लकडगंजमधल्या एका गॅरेजात गेलो. आवाज मागून येत असेल म्हणून तिथला मिस्त्री मागच्या सीटवर बसला. पहिल्याच खड्ड्यात खडखड झाली. त्याने मागून हात घालून माझ्या शेजारची सीट दाबून धरली. आवाज थांबला. हात काढताच पुन्हा सुरू झाला.

"रिकामी आहे म्हणून वाजून राहिली ही सीट. वजन पडलं की चूप," तो म्हणाला. "काका, तुमच्या बाजूले कोणी बसत नाही काय?"

"बसायची," मी म्हणालो.