सहा वर्षांच्या बोर्दोला अर्धं तिकीट

आमचं कोलोनला जायचं ठरलं ते एका गुडघ्यामुळे. गुडघा ह्यांच्या प्रोफेसरांचा. साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं, आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला एका खोलीत राहत होतो आणि हे रोज स्टुटगार्टला जाऊन डॉक्टरेट करत होते. प्रबंध लिहून, टाइप करून, बाइंड करूनसुद्धा झाला होता. राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. तिची तारीख ज्यांनी द्यायची ते प्रोफेसर ऑपरेशन करून कोलोनला बहिणीच्या घरी पाय वर ठेवून बसले होते.

"पाय बरा झाला की देतील तारीख," हे म्हणाले.

मला तेवढा धीर नव्हता. आमची चिमी मिरजेला माझ्या आईकडे होती. ती भिंत धरून चालायला लागली तेव्हा तिला ठेवून मी इकडे आले होते. वर्षभराचा तर प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. त्या वर्षाची दोन वर्षं झाली आणि तिसरं लागलं. आईच्या पत्रांवरून कळायचं की चिमी आता वाक्यं बोलते. पोरीची वाक्यं कागदावर वाचायची म्हणजे काय, ते ज्या आईने वाचलीत तिलाच विचारा. परीक्षा झाल्याशिवाय बोट नाही आणि बोट नाही तोवर चिमी नाही, असा सरळ हिशेब होता.

"आपण भेटायला जाऊ," मी म्हणाले. "आजाऱ्याला भेटायला जाण्यात कसला आलाय भिडस्तपणा?"

"रिकाम्या हाताने?"

इथून या प्रवासाला वारुणीचा वास लागला. प्रोफेसरांबद्दल खात्रीने माहीत असलेली गोष्ट एकच: त्यांना फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइन आवडते. आमच्या दोघांच्या घरी आयुष्यात आलेलं मद्य म्हणजे द्राक्षासव, तेही वैद्यांनी दिलेलं, समभाग पाण्यात. तरी गेलो स्टुटगार्टच्या एका दुकानात. दुकानदार म्हातारा होता आणि त्याला बोलायला गिऱ्हाईक हवंच होतं. बोर्दो एका द्राक्षाची नसते, म्हणाला. दोन-तीन जातींची वाइन वेगवेगळी करायची आणि मग मिसळायची. काबर्ने नावाचं द्राक्ष ताठ असतं, त्यानं हाडं येतात. मेर्लो मऊ, त्यानं अंग भरतं. तिसरं अगदी चिमटीभर, रंगाला. एकेकटं कुणीच धड लागत नाही.

गोडा मसाला, दुसरं काय. जिन्नस वेगवेगळे भाजायचे आणि शेवटी एकत्र कुटायचे. माझा त्या बाटलीबद्दलचा आदर तिथेच वाढला.

मग त्यानं पथ्यं सांगितली. बाटली आडवीच ठेवा, हलवू नका, ऊन लागू देऊ नका, गरम होऊ देऊ नका. वय सहा वर्षं. हे सगळं ऐकून हे इतके घाबरले की बाळंतिणीला आणावं तशी बाटली घरी आणली.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. हल्ली फ्रँकफर्टहून कोलोनला तासाभरात पोचवणारी गाडी आहे. तिने जाऊ नका, बोगदे बघायला कशाला पैसे द्यायचे? माइन्झहून राइनच्या काठाकाठाने जाणारी साधी गाडी घ्या आणि उजव्या खिडकीला बसा. नदी, नदीत मालाच्या बोटी, पलीकडे डोंगरावर एकापाठोपाठ एक किल्ले, आणि त्याखाली उभ्या चढावर द्राक्षांच्या ओळी. इतक्या उभ्या चढावर माणूस काम कसं करतो, मला अजून कळलेलं नाही. खायला बरोबर घ्या. आम्ही शाकाहारी, म्हणून पाव, चीज आणि उकडलेले बटाटे नेले होते. स्टेशनवरच्या बटाट्याच्या सॅलडलासुद्धा मटणाचं पाणी असतं, तेवढं विचारून घ्या.

डब्यात आमच्यासमोर एक आजीबाई होत्या, हॅट घातलेल्या. बाटली मी चिमीच्या दुपट्यात गुंडाळून दोघांच्या मध्ये सीटवर आडवी ठेवली होती. ऊन येत होतं म्हणून त्यावर पदर धरला होता. आजीबाईंनी ते बघितलं आणि उठून हळूच खिडकी लावून घेतली.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

हे भांबावले. वयस्कर बाईला तुम्ही चुकताय असं तोंडावर कसं सांगायचं? ह्यांच्या घराण्यात तशी पद्धतच नाही.

"मुलगी," हे म्हणाले.

मी डोक्याला हात लावला.

"केवढी आहे?"

इथे ह्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. मोजमाप विचारलं की त्यांना खोटं बोलता येत नाही. "सहा वर्षं," त्यांनी सांगितलं.

आजीबाईंनी दुपट्याची लांबी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसावं की रडावं मला कळेना. माझ्याही आलं, पण ते वेगळ्या मुलीसाठी. नेमका तेव्हाच टीसी आला. आजीबाईंनी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि सांगितलं, मूल झोपलंय, सहा वर्षांचं आहे.

"आल्झो, असं आहे तर," टीसी कुजबुजला, "सहा वर्षांचं म्हणजे अर्धं तिकीट."

"अहो, सांगा त्यांना," मी मराठीत म्हणाले.

"आता कसं सांगू? त्या बाई रडल्यात," हे म्हणाले आणि पाकीट काढलं.

अशा रीतीनं बोर्दोला रीतसर सीट मिळाली. बटाटे आम्ही आवाज न करता खाल्ले. बॉप्पार्ड स्टेशन गेल्यावर आजीबाईंना राहवेना. "चेहरा बघू का जरासा?" म्हणून त्यांनी दुपट्याचं टोक उचललं. बुचावरची लाल पत्र्याची टोपी दिसली. त्या क्षणभर थांबल्या, टोक परत नीट झाकलं आणि मागे टेकून बसल्या.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "जेवणाआधी तासभर उठवा. लगेच उठवलं की चिडचिड करतात." खिडकी मात्र त्यांनी कोलोनपर्यंत उघडली नाही. मी त्यांना जन्मात विसरणार नाही.

कोलोनला स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथीड्रल एकदम अंगावरच येतं. तेव्हा युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहराची डागडुजी चालू होती. दोन नवी घरं आणि मध्ये मोकळी जागा, पुन्हा दोन घरं, असे रस्ते. ट्रॅमने पंधरा-वीस मिनिटांवर प्रोफेसरांची बहीण राहायची. वाटेत खायची सोय हवी असेल तर खानावळीत 'हाल्व हान' मागा. नावाचा अर्थ अर्धा कोंबडा, येतो राय नावाच्या धान्याचा पाव आणि चीज. आम्ही नाव ऐकून पळून आलो आणि उपाशी राहिलो, तुम्ही राहू नका.

तर आम्ही भुकेने कळवळत प्रोफेसरांपुढे बसलो. त्यांचा पाय स्टुलावर. बहीणबाईंनी चेरी घातलेला, वर मलईचा थर असलेला केक आणला. "घेणार?"

"नको नको," हे म्हणाले, "आत्ताच खाऊन आलो."

बहीणबाईंनी मान हलवली आणि केक आत नेला. खरोखर नेला. मी दाराकडे बघत राहिले. आपल्याकडे पाहुण्यानं नको म्हटलं की ताटात दुप्पट पडतं, इथे केकच अंतर्धान पावला.

तेही एक वेळ चाललं असतं. पण मग प्रोफेसर म्हणाले, "तुमची परीक्षा. मी या महिन्याच्या शेवटी कुबड्या घेऊन येऊ शकतो. चालेल?"

मी खुर्चीत पुढे सरकले. ह्यांनी हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "छे छे, तुमचा पाय आधी. मला काही घाई नाही."

"गुट, ठीक आहे," प्रोफेसर म्हणाले. "मग पुढच्या हिवाळ्यात."

"अहो, घाई नाही?" मी मराठीत म्हणाले. आवाज चढला होता. "चिमी लग्नाला आल्यावर जायचंय का घरी?"

"ते पुन्हा विचारतील गं," हे कुजबुजले. "एकदम हो कसं म्हणायचं? बरं दिसतं का?"

पण ते विचारणार नव्हते. त्यांचं विचारून झालं होतं. त्या खोलीत ही गोष्ट फक्त मला कळली होती. रडू आवरायला काहीतरी करायला हवं म्हणून मी दुपटं सोडलं आणि बाटली प्रोफेसरांच्या हातात दिली.

त्यांनी लेबल वाचलं आणि पाय खाली घेतला. युद्धानंतर ते त्या भागात कैदी होते, द्राक्षमळ्यात राबायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. बूच काढलं, सगळी वाइन सावकाश काचेच्या सुरईत ओतली आणि पेल्यांत थोडी थोडी दिली. हे नको म्हणाले. माझ्याही वतीनं नको म्हणाले. मी म्हटलं, "मला हवी." त्या दिवशी त्या घरात कुणीतरी हो म्हणणं गरजेचं होतं.

एक घोट घेतला. तुरट म्हणजे किती तुरट. सुपारी आणि हिरडा एकत्र चघळल्यासारखी जीभ टाळूला चिकटली.

"कशी आहे?"

"वाईट," मी खरं ते सांगितलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रोफेसर खूश झाले. "आमची मोझेलची वाइन पहिल्या घोटाला हो म्हणते. ही नाही म्हणते. ताठ द्राक्ष पुढे उभं असतं ना, मऊ मागे लपलेलं असतं. वारा लागू द्या, मग पुन्हा विचारा. पहिल्या नकारावर उठून जाणाऱ्या माणसासाठी बोर्दो नाही."

मी ऐकत होते आणि डोक्यात काहीतरी हलत होतं. पिशवीतून प्रोफेसरांसाठी आणलेला नारळाच्या वड्यांचा डबा काढला. प्रोफेसरांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "आभारी आहे, पुरे."

मी आणखी दोन वाढल्या.

"नको, खरंच."

आणखी एक. "माझ्यासाठी एक. एवढीशी तर आहे."

बहीणबाई बघतच राहिल्या. प्रोफेसरांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या खाल्ल्या. "पण मी नाही म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो, पण दोनदाच ना," मी म्हणाले. माझं जर्मन मोडकंतोडकं, पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. "आमच्यात पहिलं नको मोजत नाहीत. ते बरं दिसावं म्हणून असतं. दुसरं सवयीचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं बोलतो. न विचारणाऱ्याला आम्ही कंजूष म्हणतो."

प्रोफेसर सुरईतली वाइन गोल फिरवत होते. मग हळूहळू त्यांनी मान ह्यांच्याकडे वळवली.

"तुम्हाला केक हवा होता?"

"नको नको."

"केक हवा?"

"खरंच नको."

"केक?"

"थोडा," हे म्हणाले.

बहीणबाई धावतच आत गेल्या. ह्यांनी एकामागून एक तीन तुकडे खाल्ले, मान वर न करता. प्रोफेसर वहीत प्रयोगाची नोंद करावी तसे बघत होते. मलई पुसून झाल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

"परीक्षा या महिन्यात घ्यायची?"

"तुमचा पाय..."

"या महिन्यात घ्यायची?"

"तुम्हाला उगाच त्रास," हे रुमाल काढत म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रोफेसरांनी मला हातानं थांबवलं. त्यांना उत्तर ह्यांच्याकडून हवं होतं. "या महिन्यात?"

हे रुमालाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "हो. या महिन्यात. माझी मुलगी मला ओळखत नाही. मला घरी जायचंय."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. प्रोफेसरांनी सुरई उचलली आणि आमच्या दोघांच्या पेल्यांत ओतली. ह्यांनी काढा घ्यावा तशी एका दमात संपवली. मी घोट घेतला. तीच वाइन, पण तुरटपणा मागे सरला होता. पुढे जांभूळ आलं होतं, पिकलेलं, आणि मागून देवदारी पेटी उघडल्यावर येतो तसा वास. गिळल्यावरही तोंडात कितीतरी वेळ रेंगाळली. आवडली, असं मी म्हणाले. कुणी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघितली नाही.

परीक्षा त्या महिन्यात झाली. प्रोफेसर कुबड्यांवर आले आणि प्रत्येक प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. हे पहिल्याच वेळी बरोबर उत्तर द्यायचे, तिसऱ्या वेळेपर्यंत स्वतःवरचाच विश्वास उडायचा. बाकीचे परीक्षक हवालदिल. तरी हे पास झाले.

मग बोट, मुंबई आणि मिरजेची गाडी. अंगणात चिमी उभी होती, दोन वेण्या घातलेली. मी हात पुढे केले. "ये माझ्याकडे."

"नको," ती म्हणाली आणि माझ्या आईमागे गेली.

ते खरं नको होतं. बरं दिसावं म्हणून तीन-साडेतीन वर्षांचं मूल काही बोलत नाही. मी आग्रह केला नाही. पायरीवर बसून राहिले, आई चहा घेऊन आली तो गार झाला, हे आत जाऊन आले, शेजारच्या बायका बघून गेल्या. दिवेलागणीला ती आपण होऊन आली आणि हातभर अंतर ठेवून बसली.

"तू परत जाणार?" तिनं विचारलं.

"नाही."

थोडी जवळ सरकली. "परत जाणार?"

"नाही."

तिसऱ्यांदा तिनं माझ्या पदराला हात लावून विचारलं, आणि मी नाही म्हणाले.