बांधावरचा वाटा

मामांची आणि माझी शेवटची भेट कोलंबीच्या निमित्ताने झाली. मामा म्हणजे माझे सासरे. त्या रविवारी मी तारापूरच्या बाजारातून कोलंबी घेऊन सासुरवाडीला गेलो. बोईसरहून पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. महिनाभर ते अंथरुणाला खिळलेले, पेजेशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. पण कोलंबी म्हटल्यावर त्यांनी खाट अंगणात घ्यायला लावली आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, ती सोलत होती तिकडे बघत पडून राहिले. कालवण झालं. त्यांनी जेमतेम बोटभर चाखलं आणि सासूबाईंना विचारलं, "त्याचा वाटा काढला का?" सासूबाईंनी सागाच्या पानावर भात आणि कालवण घेतलं, आणि बांधावरच्या दगडावर ठेवून आल्या. बांधाच्या पलीकडे रावजीकाकांचं घर. थोड्याच वेळात रावजीकाकांचा कुत्रा आला आणि त्याने पान चाटूनपुसून लख्ख केलं. त्याच्या पानात होती तेवढी मोठी कोलंबी माझ्या ताटात नव्हती, हे मी तेव्हाही बोललो नाही. वीसेक वर्षांत त्या घरी काहीही चांगलंचुंगलं शिजलं की हेच होत आलं होतं. रावजीकाकांनी पान कधी उचललं नाही आणि कुत्र्याला कधी हाकललंही नाही. त्यांच्या कुत्र्यांच्या दोन-तीन पिढ्या आमच्या सासऱ्यांनी पोसल्या.

त्याच दुपारी, सगळे आत गेल्यावर, मामांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "जावयबुवा," ते म्हणाले, "आता तरी सांगा, तुमी बघितलं होतं म्हणून."

काय बघितलं होतं, हे सांगायचं तर माझी फजिती सांगावी लागेल. पाड्यावर ती लहानथोरांना पाठ आहे.

माझे वडील साताऱ्याकडून बोईसरच्या कारखान्यात आले, मीही कारखान्यातच चिकटलो, आणि तिथेच पॅकिंग खात्यात सुनंदा भेटली. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईला पोरीत काही खोट सापडली नाही. ती एवढंच म्हणाली, "सासरा घरात भाला ठेवतो म्हणं. नीट वाग बाबा." लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत, भात कापून झाल्यावर, मामा मला शिकारीला घेऊन गेले. बंदी तेव्हाही होतीच, पण बंदीला तो डोंगर चढून यायला जरा उशीर झाला. शिवाय रानडुकरांनी त्या साली उभं भात इतकं लोळवलं होतं की पाड्यावर कुणाला कायदा ऐकायची इच्छा नव्हती. पुरुष दोन टोळ्यांत विभागले. एक टोळी डबे वाजवत, कुत्री घेऊन वरून रान हाकत येणार, आणि खाली ओहोळाच्या तोंडाशी भालेवाले उभे राहणार. भालेवाल्यांचा नियम एकच: दिलेली जागा सोडायची नाही. भाल्याचं बूड पायाखाली दाबायचं, पातं पुढे झुकवायचं आणि उभं राहायचं. शेजारच्याच्या अंगावर डुक्कर गेलं तर ते त्याचं. आपण हललो की आपल्या जागी भोक पडतं आणि तिसऱ्याच माणसाचा जीव जातो. ओहोळाच्या उजव्या अंगाला मामा उभे होते, डाव्या अंगाला रावजीकाका. दोघं एका वयाचे, एका बांधाचे, लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून गुरं चारायला गेलेले. आणि मी? मला काकांनी स्वतः हात देऊन एका काकडाच्या झाडावर चढवलं होतं. "वरून समदं दिसतं," ते म्हणाले होते, "तुमी आमचं साक्षीदार."

डबे वाजू लागले, कुत्री जवळ आली, आणि समोरचं करवंदीचं जाळं फाटल्यासारखा आवाज झाला. पुढचं मला खरोखर सांगता येणार नाही, कारण मी फांदीला मिठी मारून डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा डुक्कर ओहोळात आडवं पडलं होतं आणि त्याच्या अंगात दोन भाले होते. एक मानेत, एक बरगडीत. आणि दोघंही एकमेकांकडे बघत उभे होते... डुकराकडे कुणीच बघत नव्हतं.

पहिला भाला ज्याचा लागला, मुंडकं त्याचं, हा तिथला रिवाज. बाकीच्या मांसाचे सारखे वाटे पडतात. हाकाऱ्यांना, कुत्र्यांना, झाडावर डोळे मिटून बसणाऱ्यालाही. पण मुंडकं एकालाच, कारण त्याचा जबडा दारावर लागतो. मग ज्याला मुंडकं मिळालं त्याने दुसऱ्या भाल्याच्या माणसाला पहिला वाटा स्वतःच्या हाताने पानावर द्यायचा, की मनात काही राहत नाही. आता पहिला कुणाचा? दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी खाली उतरलो, पँट झटकली आणि खरं ते सांगितलं. हाकाऱ्यांतला एक जण जो हसत सुटला, त्या हसण्यातून मी आजतागायत बाहेर आलेलो नाही. जाणत्यांनी मामांच्या भाल्याची, मानेतली जखम खोल म्हणून मुंडकं मामांना दिलं. मामांनी पान वाढून पुढे केलं. रावजीकाकांनी ते घेतलं, बाजूच्या दगडावर ठेवलं, आणि म्हणाले, "तुला जागा दिली होती ना? मग माझ्या जागेत कशाला आलास?" भाला खांद्यावर टाकून ते एकटेच उतरून गेले.

मुंडक्याचं दुखणं नव्हतंच ते. माझ्या हातून हे झालं नसतं असं तुला वाटलंच कसं, हे दुखणं होतं. एरवी अशी भांडणं पुढच्या शिकारीत मिटतात, असं सासूबाई सांगायच्या. पण पुढची शिकार झालीच नाही. वनखात्याची माणसं आली, समजावून आणि दरडावून गेली, आणि भाले आढ्याला गेले. भांडण तेवढं खालीच राहिलं. मामांनी जबडा दारावर लावला, आणि त्याच आठवड्यात बांधावर पहिलं पान ठेवलं. ठेवताना हाक नाही, निरोप नाही. मी एकदा चेष्टेत म्हटलं, मामा, एवढं ठेवता त्यापेक्षा जाऊन बोला की. तर म्हणाले, "बोलायला त्याच्या दारात जावं लागंल. परत जागा सोडली म्हणंल."

तर त्या दुपारी मामा मला म्हणत होते, सांगा, तुम्ही बघितलं. मी विचारलं, काय बघितलं म्हणून सांगू? ते घराच्या कौलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचा भाला पयला लागला. असं सांगा. मी असताना नको, मी गेल्यावर. नायतर तो खांदा द्यायला यायचा नाय... आणि रावजी नाय आला तर मला उचलतील कसं?"

मंगळवारी पहिल्या पाळीत असताना सुनंदाचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती, माणसं जमली होती, आणि बांधापलीकडे रावजीकाका आपल्या ओट्यावर, आमच्या घराकडे पाठ करून बसले होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तो बांध कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. कुत्रा माझ्याकडे बघून शेपूट हलवत उठला, त्याला वाटलं मी पान घेऊन आलो.

मी पाठ केल्यासारखं बोललो. काका, त्या दिवशी मी वर होतो, मी पाहिलं होतं, पहिला भाला तुमचा लागला. त्यांनी मान वळवली आणि मला नीट न्याहाळलं.

"तुमी तर डोळं मिटलं व्हतं."

मी म्हटलं, हो.

"मग हे कुणी शिकवलं?"

मी घराकडे नुसता हात केला. तोंडातली तंबाखू त्यांनी काढून टाकली, टॉवेलने ओठ पुसले, पुन्हा पुसले. "गणपत म्हनला, माझा पयला?" त्यांनी मामांचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी मान हलवली. "मग त्याचाच पयला असंल," ते म्हणाले. "नायतर तो असं कशाला म्हनंल?" ते उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्यात थांबले. "डुक्कर माझ्या अंगावर आलं व्हतं, जावय. माझा भाला दगडावरनं सरकला व्हता. हे त्यानं बघितलं, आणि कुणाला सांगितलं नाय. आजवर नाय. मीपण नाय."

मग ते बांध उतरून आले. तिरडीच्या पुढच्या डाव्या दांड्याला सुनंदाचा चुलतभाऊ उभा होता. रावजीकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सरक पोरा. ही जागा माझी." ओढ्यापर्यंतच्या वाटेवर पुष्कळांनी खांदे बदलले. त्यांनी बदलला नाही. वय बघता कुणीतरी बळेच घ्यायला हवा होता, पण त्यांना बोलायची छाती कुणाची नव्हती. माझी तर नव्हतीच.

बाराव्याला सासूबाईंनी दारावरचा जबडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, सुळ्यावर बोट फिरवलं आणि परत दिला. "हितंच असू दे. माझ्या ओट्यावरनं दिसतो."

परवा रविवारी आम्ही पुन्हा गेलो होतो. सुनंदाने कोंबडी केली, आणि मी सवयीने पान घेऊन बांधावर गेलो. दगडावर एक पान आधीच होतं. पलीकडून आलेलं. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, वर दुसरं पान झाकलेलं, आणि कुत्र्याला उचलता येऊ नये म्हणून त्यावर चांगला वजनदार धोंडा. कुत्रा त्या पानाच्या आणि माझ्या हातातल्या पानाच्या मधोमध बसून होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, मामा गेल्याचं खरं नुकसान पाड्यात याचंच झालं आहे. मी धोंडा बाजूला केला, आपलं पान दुमडून ठेवलं, तोच धोंडा त्यावर ठेवला आणि त्यांचं पान उचललं. ओट्यावर रावजीकाका बसले होते, आता तोंड आमच्याकडे करून. ते उठले, काठी घेतली आणि दगडाकडे यायला लागले. मी घरात गेलो नाही. ते पान उचलेपर्यंत तिथेच उभा राहिलो, दोन्ही डोळे उघडे ठेवून.