ओट्याला मारलेलं पाणी

आमच्या लातूरच्या घरात सगळ्यात जास्त काळजी घेतली जाते ती स्वयंपाकघरातल्या ओट्याची. (माझा नंबर त्याच्यानंतर.)

ही गेली तेव्हापासून घरात मी एकटाच. लेक सुजाता पुण्याला. सुट्टीत आली, तिला जुनी कडप्प्याची फरशी खुपली आणि पुण्याचे कारागीर बोलावून तिनं काँक्रीटचा गुळगुळीत ओटा करून घेतला! जाताना बजावलं, "पप्पा, वरून लेप लावलाय. महिनाभर पाणी साचू द्यायचं नाही. कोरड्या फडक्यानं पुसायचं, बस्स!"

तिची रिक्षा वळते न वळते तोच शेजारचे गफूरभाई हजर. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस.

"गुरुजी, पाणी मारून राहिले का न्हाई?"

"लेक नको म्हणली."

"लेकराला काय कळतंय? सिमिट हाय हे! पाणी न्हाई मारलं तर तडे जातेत!"

तीस वर्षं पोरांना 'मोठ्यांचं ऐका' शिकवलं. गफूरभाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठे! लगेच ओल्या गोणपाटानं ओटा झाकला. नळाला पाणी आलं की जिथं माणसं एकमेकांना फोन करून सांगतात, त्या लातुरात मी ओट्याला दोन वेळा आंघोळ घालत होतो! पण खरं सांगू? लई बरं वाटायचं. पाणी बघायला गफूरभाई दोनदा यायचे, चहा व्हायचा, घरात माणसाचा आवाज यायचा.

आठव्या दिवशी गोणपाट उचललं. ओटाभर पांढरे चट्टे, आणि मधोमध उलट्या अक्षरांत 'अस्सल तूरडाळ'!

"स्लॅबला असं कधी झालं न्हाई," एवढं बोलून गफूरभाई जे गेले, ते दोन दिवस फिरकले नाहीत.

"पप्पा, पंखा काय दाखवताय? ओटा दाखवा!" व्हिडिओ कॉलवर सुजाता. दाखवला. आता ही रुसणार, आधीच वर्षातून एकदा येते, तेही बंद!

"शनिवारी येते," ती म्हणाली.

आली! चार दिवस राहिली! बापलेकीनं मिळून ओटा घासला, नवा लेप लावला, पोटभर भांडलो. स्टँडवर बसमध्ये चढताना म्हणाली, "आता पाणी नाही, गोणपाट नाही. आणि लिंबू तर ओट्याजवळ आणायचंच नाही! थेंब सांडला तरी डाग पडतो, मग मला परत यावं लागेल."

"बरं," मी म्हणालो.

बस सुटली. मी थेट मंडईत.

"गुरुजी, किलोभर लिंबं? पाव्हणे आलेत का?" भाजीवालीनं विचारलं.

"न्हाई, येतील! जरा रसाळ बघून द्या."