लाल उजेडातली हिरवी शाल

माझ्या प्रयोगशाळेतली अंधारी खोली प्राचार्यांना खुर्च्या ठेवायला हवी होती. आमच्या कॉलेजात सत्कारच इतके होतात की खुर्च्यांना जागा पुरत नाही.

विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी ते म्हणाले, "मॅडम, दोन फिल्टरनी सगळे रंग दिसतात म्हणता. पुस्तकात तीन लिहिलेत. पाहुण्यांसमोर हसं झालं, तर संध्याकाळी खोली रिकामी करा."

"आणि नाही झालं तर?"

ते घड्याळ बघू लागले.

मग मी सत्काराचं ताटच उचलून आणलं. हिरवी शाल, नारळ, झेंडूचा हार. मागे कपाटातला एक प्लॅस्टिकचा मग ठेवला. मोबाइलपुढे लाल जिलेटिन पेपर धरून एक फोटो काढला, हिरवा धरून दुसरा. दोन्ही कृष्णधवल केले. प्लॅस्टिकचा मग परत कपाटात गेला, ताट मंचावर.

पाहुणे गारखेड्याचे पुढारी. भाषण संपवून, खांद्यावरच्या शालीसकट अंधाऱ्या खोलीत आले. मी एका प्रोजेक्टरपुढे लाल जिलेटिन लावून पहिला फोटो भिंतीवर टाकला. सगळं लालच लाल. दुसऱ्या प्रोजेक्टरवरून, साध्या पांढऱ्या उजेडात, दुसरा फोटो त्यावर नेमका बसवला. हिरवा जिलेटिन आता कुठेच नव्हता.

"आयला, ही तर माझीच शाल!" पाहुणे ओरडले. "हिरवीगार! अन् झेंडू बघा!"

प्राचार्य घाईनं म्हणाले, "साहेब, शाल हिरवी आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. म्हणून तशी दिसली."

शंका रास्त होती. त्यांच्याकडून अशी शंका यायला माझ्या नोकरीची बावीस वर्षं जावी लागली.

"ताटामागे एक मग दिसतोय," मी पाहुण्यांना म्हटलं. "कोणत्या रंगाचा?"

"पिवळा. त्यात काय विचारायचं?"

मी दिवा लावला आणि कपाटातून पिवळा मग काढून त्यांच्या हातात दिला. निळा मात्र या पद्धतीनं फिकाच दिसतो, हेही सांगून टाकलं.

"पण मॅडम, हा शेवटी डोळ्यांचा भास," प्राचार्य म्हणाले.

"सर, तुमचा कोटही डोळ्यांनीच दिसतो."

पाहुणे हसले. "राहू द्या हो सर. लई भारी दाखवलं बाईंनी."

मला त्यांच्या शिफारशीची गरज नव्हती. ते नाक मुरडून गेले असते, तरी मी खोली सोडणार नव्हते. खुर्च्या अजून व्हरांड्यातच आहेत. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, आणि ती मागायला प्राचार्यांनी प्रयोग चालू असताना अंधारात यावं, अशी माझी अट आहे.